प्यूमाच्या डोंगरात चालायला शिकताना

२०२० च्या फेब्रुवारीत, कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो शहराच्या पश्चिमेला असलेल्या रँचो सॅन अँटोनिओ या राखीव डोंगराळ भागात, सहा वर्षांच्या एका मुलीवर माउंटन लायनने, म्हणजे प्यूमा नावाच्या मोठ्या रानमांजराने, हल्ला केला. ती एका गटाबरोबर चालत होती. गटातल्या एका मोठ्या माणसाने पुढे होऊन त्या जनावराला ढकलले, ते झुडपांत पळून गेले आणि मुलगी किरकोळ जखमांवर निभावली. ही बातमी मी स्वयंपाकघरात उभी राहून वाचली आणि वाचून होताच खाली बसले, कारण त्याच्या आधीच्याच रविवारी आम्ही त्याच डोंगरात होतो आणि माझा चार वर्षांचा मुलगा आमच्या पुढे, वळणापलीकडे, दिसेनासा होईपर्यंत धावत गेला होता.

आम्ही २०१९ मध्ये पुण्याहून इथे राहायला आलो. पुण्यात सकाळी लोक जसे पर्वतीला किंवा तळजाईला जातात, तसे इथले लोक रँचोला जातात. वाटेवर मराठी कानावर पडते, डियर हॉलो फार्मवर लहान मुलांना शेळ्या आणि कोंबड्या दाखवता येतात, हरणे आणि रानटी टर्की माणसांची पर्वा न करता चरत असतात. त्यामुळे हा डोंगर म्हणजे मोठी बाग आहे, असे माझ्या मनाने न विचारताच ठरवून टाकले होते. वाहनतळाजवळ माउंटन लायनची सूचना देणारा फलक होता. त्याच्या शेजारून मी अनेकदा गेले होते, आणि तो एकदाही पूर्ण वाचला नव्हता.

पहिल्या आठवड्यात घरात एकच चर्चा होती. नवऱ्याचे म्हणणे होते की डोंगराला जाणे थांबवावे. मलाही तेच वाटत होते, पण आमचे घर त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे, मागच्या उतारावर रोज संध्याकाळी हरणे येतात, आणि हरीण जिथे जाते तिथे त्याला खाणारेही येणार, हे समजायला फार अभ्यास लागत नाही. वाहनतळाशी पाऊल मागे घेऊन ही गोष्ट संपणार नव्हती. म्हणून आधी या प्राण्याची नीट माहिती करून घ्यायची आणि मगच ठरवायचे, असे आम्ही ठरवले.

नावात ‘लायन’ असले तरी हा प्राणी सिंह नव्हे. प्यूमा, कूगर ही याचीच नावे. सिंह, वाघ, बिबट्या यांच्या कुळापेक्षा तो छोट्या मांजरांच्या जास्त जवळचा आहे. त्याला डरकाळी फोडता येत नाही, तो मांजरासारखा घुरघुरतो. पूर्ण वाढलेला नर साधारण ५५ ते ६५ किलोचा असतो, मादी त्याहून हलकी असते. अंग एकसारखे पिंगट, वाळलेल्या गवतात मिसळून जाणारे. शेपूट लांब, जाड आणि टोकाला काळी. लांबून काही पिंगट दिसले तर आधी शेपूट बघावी, कारण इथल्या बॉबकॅट नावाच्या रानमांजराची शेपूट आखूड असते आणि लोक बहुतेक वेळा त्यालाच माउंटन लायन समजून घाबरतात. मुख्य अन्न हरीण, आठवड्याला साधारण एक. एकेक नर शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख एकट्याने राखतो. दीड-दोन वर्षांची झालेली पिले आईपासून वेगळी होतात, आणि स्वतःची जागा शोधत निघालेला तरुण नर कधी कधी शहरात येऊन अडकतो. २०१४ मध्ये माउंटन व्ह्यू शहरात असाच एक जण भर वस्तीत सापडला होता.

कॅलिफोर्नियात १९०७ पासून १९६३ पर्यंत या प्राण्याला मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. १९९० मध्ये मतदारांनी जनमताने त्याच्या शिकारीवर कायमची बंदी घातली. एवढ्या मोठ्या राज्यात १९८६ पासून आजवर त्याच्या हल्ल्यात माणसांचे नोंद झालेले मृत्यू चार आहेत: १९९४ मध्ये दोन, २००४ मध्ये एक आणि २०२४ मध्ये एक. मी हे वाचत होते तेव्हा शेवटचा मृत्यू घडायचा होता. आकडा लहान आहे हे डोक्याला पटले, पण वळणापलीकडे दिसेनासे झालेले मूल डोळ्यांसमोरून जात नव्हते. आकड्याने भीती जात नाही असा माझा अनुभव आहे. काय करायचे ते हातापायांना ठाऊक झाले की ती कमी होते.

त्यानंतर काही महिन्यांनी, टाळेबंदी सैल झाल्यावर, एका स्वयंसेवक निसर्ग-मार्गदर्शकाबरोबर आम्ही दहा-बारा जण चालायला गेलो. सुरुवातीलाच त्यांनी आम्हाला उभे केले, वीस पावलांवर जाऊन ते स्वतः थांबले आणि म्हणाले की मी आत्ता माउंटन लायन आहे, तुम्ही काय कराल ते करून दाखवा. मी क्षणाचाही विचार न करता खाली वाकले आणि मुलाला उचलले. सगळ्यांनी तेच योग्य मानले असते. त्यांनी मला तसेच वाकलेले राहायला सांगितले आणि इतरांना विचारले, ‘आता यांची उंची किती आहे? यांची मान कुठे आहे? यांची नजर कुठे आहे?’ माझी उंची हरणाएवढी झाली होती, मान उघडी पडली होती, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्यावरून माझी नजर हटली होती.

त्या एका प्रश्नाने मला सगळ्या सूचनांचे मूळ सापडले. पळू नका, वाकू नका, पाठ फिरवू नका, हात वर करा, जाकीट पसरा, मोठ्याने बोला, डोळ्याला डोळा भिडवून सावकाश मागे सरका: या सगळ्या सूचनांचा अर्थ एवढाच की आपण हरीण नसून माणूस आहोत, हे त्याला स्पष्ट दिसले पाहिजे. पळणारे, वाकलेले, गप्प असलेले आणि पाठमोरे माणूस त्याच्या नजरेला भक्ष्यासारखे भासू शकते; ताठ उभे राहिलेले, बोलणारे आणि रोखून बघणारे माणूस तसे भासत नाही. आणि तरीही त्याने अंगावर झेप घेतलीच, तर मेल्याचे सोंग न घेता मान आणि डोके सांभाळून हाताला लागेल त्या काठीने, दगडाने त्याच्याशी झुंजायचे. २००७ मध्ये प्रेअरी क्रीक रेडवुड्सच्या जंगलात एका सत्तर वर्षांच्या माणसाला त्यांच्या पत्नीने लाकडाच्या ओंडक्याने जनावराला मारून मारून सोडवले होते.

सूचना समजणे आणि अंगात मुरणे यांत मात्र फार अंतर आहे. मी घरी दिवाणखान्यात सराव सुरू केला. पाठ सरळ, नजर समोर, फक्त गुडघ्यांत खाली जायचे, मुलाने हात वर करून माझ्या गळ्याला धरायचे आणि मी त्याच ताठपणे वर यायचे. पहिल्या आठवड्यात दर वेळी माझी नजर मुलाकडे वळत असे, कारण आईची नजर मुलाकडेच वळणार. तीन आठवडे रोज केल्यावर ती समोर राहू लागली. पण खरी अडचण वेगळी होती: त्याला उचलण्याआधी तो माझ्याजवळ असायला हवा होता, आणि डोंगरात ‘पळू नको’ म्हणून ओरडले की मुले नेमकी पळतात. तेव्हा लहानपणीचा खांबखांबोळीचा खेळ उपयोगी पडला. ‘खांब’ असा शब्द ऐकला की जिथे असेल तिथे थांबायचे, ताठ व्हायचे, आणि आई येऊन भिडेपर्यंत हलायचे नाही, हे त्याला आम्ही खेळातून शिकवले. बागेत, दुकानात, वाहनतळावर, कुठेही मी मध्येच ‘खांब’ म्हणत असे. डोंगरात जनावराची भीती घालून काही शिकवायचे नाही हे आम्ही जाणूनबुजून ठरवले होते, आणि तो निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते. घाबरलेले मूल आधी पळते.

चालण्याची पद्धतही बदलली. मूल दोन मोठ्या माणसांच्या मध्ये. दोन्ही कानांत गाणी लावून चालणे बंद. वाटेवर धावणे बंद, कारण धावणाऱ्याच्या मागे लागणे हे मांजराच्या अंगात असते. पहाट आणि तिन्हीसांज या दोन वेळा त्यांच्या, म्हणून चालणे उजाडल्यानंतर आणि घरी परतणे ऊन असताना. आणि बोलत राहणे. सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी याच डोंगररांगेत एक प्रयोग केला होता. माउंटन लायन आपल्या शिकारीवर येऊन खात असताना त्यांनी ध्वनिक्षेपकावरून कधी माणसाच्या बोलण्याचा, तर कधी बेडकाचा आवाज लावला. बेडकाकडे जनावरांनी जवळजवळ लक्षच दिले नाही. माणसाचा आवाज ऐकून मात्र ती बहुतेक वेळा खाणे टाकून निघून गेली. हा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचल्यापासून आम्ही वळणांच्या वाटेवर पाढे म्हणत चालू लागलो. आवाज म्हणजे कवच नव्हे हे मला माहीत आहे, पण दोघेही एकमेकांसमोर अचानक येऊ नयेत, याची तेवढी तजवीज आपल्या हातात असते.

एवढे सगळे करूनही चूक झालीच. २०२१ च्या नोव्हेंबरमधला पहिला रविवार होता. त्या दिवशी इथली घड्याळे एक तास मागे जातात. डोक्यात जुनाच हिशेब होता की सहापर्यंत उजेड असतो, आणि सूर्य पाचच्या सुमारास मावळला. आम्ही रोग व्हॅलीच्या वाटेवरून परतत होतो. नवरा चाळीसेक पावले मागे बुटाची नाडी बांधायला थांबला होता, मुलगा माझ्या डाव्या हाताला होता. उजवीकडच्या उतारावर, पंचवीस-तीस पावलांवर, वाळलेल्या गवतात मला आधी हरीण बसल्यासारखे वाटले. मग शेपूट दिसली.

माझे पाय पळायला उठले, हे मी स्पष्ट सांगते. दीड वर्ष सराव केलेल्या बाईचे पायसुद्धा पहिल्या क्षणी पळायलाच उठतात. मी ‘खांब’ म्हटले, तो मुलासाठी आणि माझ्यासाठीही. मुलगा थांबला. मी गुडघ्यांत खाली गेले, नजर न हलवता त्याला उचलले, आणि दुसरा हात वर केला. मग बोलू लागले. इंग्रजी सुचलेच नाही. ‘आम्ही इथे आहोत, आम्ही चाललो आहोत, तू जा,’ एवढेच मी पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणत राहिले. मागून नवरा आमचा आवाज ऐकून बोलत बोलत आला आणि आमच्या शेजारी उभा राहिला. ते जनावर बसलेलेच होते. कान उभे होते, आणि ते आमच्याकडे फक्त बघत होते. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग ते उठले, अंग ताणले आणि बे लॉरेलच्या झाडांत चालत निघून गेले. पळाले नाही. आम्ही मागे सरकत वळण गाठले आणि तिथून वाहनतळापर्यंत तिघेही बोलत राहिलो. मुलाने सातचा पाढा चार वेळा म्हटला.

गाडीतून मी रेंजरच्या कार्यालयाला फोन केला. त्यांनी शांतपणे विचारले: किती अंतरावर, तुमच्याकडे आले का, दबकून बसले होते का, कान मागे पाडले होते का, शेपटीचे टोक फडफडत होते का, तुम्ही निघाल्यावर मागे आले का. अंतर सोडले तर बाकी सगळ्यांची उत्तरे ‘नाही’ अशी होती. तेव्हा त्यांनी सांगितले की बसून बघणे आणि मग निघून जाणे हे त्या प्राण्याचे नेहमीचे वागणे आहे. दबकून बसलेले, कान पाडलेले, मागे मागे येणारे जनावर मात्र धोक्याचे. त्याच्या दिशेने दगड मारायचे, ओरडायचे आणि त्याला आपण नकोसे करून सोडायचे. हा फरक मला त्या दिवसापर्यंत नीट माहीत नव्हता. इथे राहणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा, असे मला कळकळीने वाटते, कारण नुसते दिसलेले प्रत्येक जनावर ‘हल्लेखोर’ ठरले तर त्याचा जीव जातो, आणि खरोखर दबकलेले जनावर ओळखता आले नाही तर आपला.

त्यानंतर लक्ष घराकडे गेले. मागच्या उतारावर पडलेली फळे हरणांसाठी राहू देत होतो, ती उचलायला लागलो; या राज्यात हरणांना खाऊ घालणे बेकायदाही आहे. दाट झुडपे घराच्या भिंतीपासून दूर केली, हालचाल होताच पेटणारे दिवे लावले, आणि घराखालच्या पोकळीची उघडी जाळी बंद केली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात तेव्हा राहत असलेला पी-२२ हा प्रसिद्ध माउंटन लायन २०१५ मध्ये एका घराखालच्या अशाच पोकळीत जाऊन बसला होता. उंदरांचे विष वापरणेही सोडले, कारण विष खाल्लेले उंदीर खाणारे प्राणी आणि त्या प्राण्यांना खाणारा माउंटन लायन, असे ते विष वर चढत जाते. त्यातल्या सर्वांत घातक प्रकारांवर कॅलिफोर्नियाने २०२१ पासून मोठे निर्बंध घातले आहेत.

आमच्या रस्त्याच्या वरच्या टोकाला एक वयस्कर बाई शेळ्या पाळतात. एका रात्री त्यांच्या दोन शेळ्या गेल्या. आमच्या डोंगररांगेत आता आधी जनावराला पिटाळण्याचे आणि पाळीव प्राणी सुरक्षित ठेवण्याचे उपाय करावे लागतात. त्यांनी गोठ्याला वरूनही जाळी घातली आणि रात्री शेळ्या आत घेऊ लागल्या. नुसते कुंपण काही कामाचे नाही, माउंटन लायन ते सहज ओलांडतो. छप्पर हवे.

२०२३ च्या उन्हाळ्यात आई आली. तिचे माहेर जुन्नर तालुक्यातले, आणि तिचे भाऊ अजून तिथेच ऊस करतात. तिला हे सगळे सांगताना मला वाटले होते की ती घाबरेल. ती म्हणाली, ‘उभ्या माणसाला तो बिचकतो. वाकलेलं माणूस त्याला शेरडू वाटतं.’ ती बिबट्याबद्दल बोलत होती. रात्री वीज येते म्हणून रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसांच्या घरातली ती बाई. मोबाइलवर गाणी लावून जायचे, बॅटरी हलवत जायचे, कडेला बसायचे नाही, लहान मूल अंगणात एकटे सोडायचे नाही, कुत्रे दारात बांधायचे नाही: मी दीड वर्षात जे शिकले ते तिच्या माहेरी दोन दशकांपासून चालू होते. तिकडचे दुखणे जास्त मोठे आहे हे मात्र ती ठासून सांगते, आणि ते खरेच आहे. इथे माउंटन लायनचे रान वेगळे आणि आमची घरे वेगळी. तिथे बिबट्याची मादी घरापासून शंभर पावलांवर उसात विते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिकडे बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले आणि त्यानंतर हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे अभ्यासकांना दिसून आले. म्हणून कोणी ‘पकडून लांब सोडा’ म्हटले की आई लगेच मान हलवते. महादेव कोळ्यांची वाघबारस तिने लहानपणी पाहिली आहे. वाघाला नैवेद्य दाखवायचा आणि त्याने आपल्या वाटेला जावे असे सांगायचे, एवढेच तिला त्यातले आठवते.

आई इथे असताना तिन्हीसांजेला मागच्या वाफ्यात खुरपायला बसत असे, ती सवय मात्र मला मोडावी लागली. तिचेच वाक्य मी तिला ऐकवले, तेव्हा ती काही न बोलता उठली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊनंतर बसू लागली.

२०२४ च्या मार्चमध्ये एल डोराडो काउंटीत, जॉर्जटाउनजवळ, हरणांची गळून पडलेली शिंगे शोधणाऱ्या दोन तरुण भावांवर हल्ला झाला आणि त्यांतला एक जण गेला. वीस वर्षांतला राज्यातला हा पहिला मृत्यू. ती दोन मुले बेसावध किंवा अडाणी नव्हती. जे सांगितले जाते ते त्यांनी केले होते, हात वर केले होते, स्वतःला मोठे दाखवले होते. हे वाचून आम्ही दोन महिने डोंगराला गेलो नाही. त्या घरातल्या लोकांचा विचार मनातून जात नव्हता, आणि आपण जे शिकलो त्याने धोका कमी होतो पण नाहीसा होत नाही, हे मला स्वतःशी नीट कबूल करायला तेवढा वेळ लागला. मग आम्ही पुन्हा जाऊ लागलो, पण आता तिघेच कधी जात नाही. दुसरे एक कुटुंब बरोबर असेल तरच जातो, आणि एक जण हातात जाड काठी घेतो.

गेल्या हिवाळ्यात, पहिला पाऊस पडून गेल्यावर, वाटेच्या चिखलात आम्हाला ठसे दिसले. आठ सेंटीमीटर रुंद, नखांची खूण नाही, टाचेच्या गादीला मागे तीन फुगे. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, हे मुलानेच बरोबरच्या छोट्या मुलीला सांगितले. आता तो नऊ वर्षांचा आहे. शंभर पावले पुढे गेल्यावर ओकखाली पाने आणि माती ओरबाडून केलेला एक ढीग दिसला, आणि त्यातून हरणाचा एक खूर बाहेर आला होता. आपली शिकार झाकून ठेवून तो जवळपासच राहतो आणि परत येतो. मुलगा ‘खांब’ असे हळू न बोलता मोठ्याने म्हणाला. छोटी मुलगी थांबली, तिच्या वडिलांनी तिला न वाकता उचलले. जागा नकाशावर नोंदवून मी रेंजरना कळवली, आणि आम्ही सात जण, एकमेकांना चिकटून, नऊचा पाढा म्हणत, आलो त्या वाटेने परत फिरलो.